अकरा सेकंदांत सरकवलेली आत्या

माझ्या सख्ख्या आत्याला मी एका बोटाने नऊ माणसांच्या पलीकडे नेऊन उभं केलं, आणि तिला साधा धक्कासुद्धा लागला नाही.

हे मी ताकद दाखवायला सांगत नाही (भरलेला कुकर मला अजून दोन हातांनी उचलावा लागतो). आत्या फोटोत होती. ती फोटोतच राहिली असती तर फार बरं झालं असतं!

सावंगीला मेडिकल कॉलेजच्या रस्त्यावर आमचं झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोचं दुकान आहे. झेरॉक्स आमचे हे बघतात, फोटो मी. पंधरा वर्षांत मी किती भावी डॉक्टरांचे विस्कटलेले केस बसवले, किती जणांच्या मागची गुलाबी भिंत पांढरी केली, याची गणती नाही. पूर्वी फोटोतलं एक माणूस इकडून तिकडे न्यायचं म्हणजे अर्धा तास जायचा. कडेकडेने कापा, उचला, चिकटवा, मग उरलेलं भोक बुजवा. एवढं करूनही तो माणूस वहीत चिकटवलेल्या चित्रासारखाच दिसायचा.

मग एके दिवशी फोटो काढायला आलेली एक विद्यार्थिनी म्हणाली, "आंटी, आता एवढं कोण करतं? माणसावर बोट दाबून धरा. पांढरी कडा आली की सरकवा. मागचं सगळं फोन आपोआप भरतो."

मी बोट दाबून धरलं. कडा आली. सरकवलं. सरकलं!

त्या दिवसापासून माझं बोट वळवळायला लागलं. टेबलावरचा स्टेपलरसुद्धा मी आधी बोटाने दाबून बघायची.

नेमकी त्याच महिन्यात बाबांची पंच्याहत्तरी आली. बाबा, आई आणि माझा भाऊ प्रशांत सेलूला राहतात. अंगणात मांडव टाकला, पाव्हणेरावळे जमले, आणि आष्टीहून माझी आत्यासुद्धा आली. आत्या बाबांची मोठी बहीण; बाबा तिला 'बाई' म्हणतात, ती त्यांना 'वसंता'. ती आली ही बातमीच होती, कारण गेली नऊ वर्षं बाबा आणि आत्या एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण काय म्हणाल, तर लग्नपत्रिका. आत्याच्या मुलाच्या, म्हणजे राजूदादाच्या लग्नात, पत्रिकेवर मामा म्हणून बाबांचं नाव वर यायला हवं होतं. ते आलं सातव्या नंबरवर! सहाव्या नंबरवर आत्याच्या शेजारचे एक गृहस्थ होते, ज्यांचा नवरदेवाशी संबंध एवढाच, की त्याच्या लहानपणी त्यांनी त्याला एकदा विहिरीपाशी पकडलं होतं. बाबा लग्नाला गेले, मामा म्हणून उभे राहिले, अक्षता पडल्या आणि न जेवता घरी आले. "माह्या दारातून माहा भाऊ उपाशी गेला" म्हणून आत्या चिडली. तेव्हापासून दोघांचं बोलणं आईच्या मार्फत. "तिले सांग, आंबे भेटले." "त्याले सांग, गोड निघाले असतीन तं कोया ठेवजो म्हणा."

पंच्याहत्तरीला आत्या आली, पण अंगणाच्या अगदी टोकाला उभी राहिली. फोटो काढायच्या वेळी मी ओरडले, "आत्या, मधात ये ना वो!"

"मी जिथं हावो तिथं बरी हावो," आत्या म्हणाली.

बाबा मधल्या खुर्चीत, दहा दिवसांपूर्वी मोतीबिंदू काढलेला, डोळ्याला काळा चष्मा. आत्या उजव्या टोकाला, स्टुलावर ठेवलेल्या थंड पाण्याच्या कॅनवर हात टेकून, तोंड रस्त्याकडे फिरवून. मी फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी नव्हती. मी तो फोटो बघत बसले. बाबांच्या एका बाजूला आई, दुसऱ्या, डाव्या बाजूला जागा रिकामी. अगदी एका माणसापुरती! माझं बोट वळवळलं. आत्यावर दाबून धरलं. कडा आली. नऊ माणसांवरून अलगद सरकवत मी तिला बाबांच्या शेजारी नेऊन सोडलं.

अकरा सेकंद लागले, अकरा!

आणि काय सांगू! कॅनवरचा हात बरोबर बाबांच्या खांद्यावर येऊन बसला. रस्त्याकडे रागाने वळवलेलं तोंड आता थेट बाबांकडे बघत होतं, आणि तो राग जागा बदलल्यावर चक्क माया वाटत होता! माझेच डोळे भरून आले. आत्याच्या जुन्या जागी फोनने आपल्या मनाने एक फुललेली जास्वंद लावून दिली होती. आमच्या अंगणात जास्वंद नाही. पण एवढ्या मायेच्या प्रसंगी झाडाकडे कोण बघतं, असं म्हणत मी तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकून दिला.

पाऊण तासाने बाबांचा फोन आला.

"कुंदे, बाई माह्या बाजूले कवा येऊन उभी राह्यली वो?"

खरं सांगायची वेळ हीच होती. मी तोंड उघडलंसुद्धा. पण बाबांचा आवाज असा काही हलका झाला होता, की मी म्हणाले, "आली असंन बाबा, फोटो काढता काढता."

"डोयाले चष्मा होता ना, मले दिसलंच नाई," बाबा म्हणाले. "पण खांद्यावर हात जाणवला होता. मले वाटलं, प्रशांतचा हाये."

आता बोला! जो हात सबंध वेळ थंड पाण्याच्या कॅनवर होता, तो बाबांना जाणवला होता! मी फोन ठेवला आणि आमच्या ह्यांना सांगितलं. झेरॉक्सचे कागद जुळवत हे म्हणाले, "आत्ताच सांगून टाक. उद्या सांगितलंस तर दोन दिवसांचं खोटं होईल."

"संध्याकाळी सांगते," मी म्हणाले.

संध्याकाळी आत्याचा फोन आला.

बाबांना दिसलं नव्हतं, पण आपण कुठे उभे होतो हे आत्याला पक्कं माहीत होतं. एकोणऐंशी वर्षांची असली तरी नऊ वर्षांपूर्वी कोण न जेवता गेलं हे जिच्या लक्षात आहे, ती कालची कॅन विसरणार होती थोडीच!

"काऊन वो कुंदे," आत्या म्हणाली, "राजू सांगून राह्यला, का तुनं मले फोटोत उचलून वसंताच्या बाजूले ठेवलं?"

"आत्या, ते काय झालं..."

"त्यानंच सांगतलं असंन ना तुले?"

"कोणी?"

"वसंतानं! तो काय सोता बोलणार हाये? लहानपणापासून तसाच हाये तो. मनात असते, तोंडातून निघत नाई. म्हून तुह्या हातून फोटोत आणवून घेतलं मले बाजूले." आणि मग आत्या चक्क हुंदका देऊन म्हणाली, "सांगतलं ना त्यानं?"

मी काय करणार होते? तुम्ही काय केलं असतं?

"हाव आत्या," मी म्हणाले.

म्हणजे आता बाबांना वाटत होतं की आत्या आपणहून येऊन उभी राहिली, आणि आत्याला वाटत होतं की बाबांनी तिला आणवून घेतलं. दोघंही सुखात होते. दुःखात होते ती फक्त मी आणि माझं बोट.

राजूदादाने फोटोची गोष्ट आणखी कोणालाही सांगितली नाही. फक्त बायकोला सांगितली. झालं! दुसऱ्या दिवशी दुकानात फोनवर फोन. पुलगावच्या काकांना आपल्या व्याह्यापेक्षा उंच व्हायचं होतं. एका वहिनीला सासूपासून दूर जायचं होतं ("लय दूर नोको, संशय येईन. दोन माणसं सोडून ठेवजो"). नागपूरच्या मावशीला, जी बाबांच्या मागे अर्धी झाकली गेली होती, पुढे येऊन नवं पातळ दाखवायचं होतं. मी कोणालाही नाही म्हणू शकत नव्हते, कारण प्रत्येक जण शेवटी गोड आवाजात म्हणायचा, "तुह्या बाबाले नाई सांगत आम्ही, काळजी नोको करू!"

मी भराभर माणसं सरकवली. वेळ वाचवणारं साधन, दुसरं काय! घाईत मावशीला पुढे ओढताना एक घोटाळा झाला. बाबांच्या खांद्यावरचा आत्याचा हात फोनला मावशीचाच वाटला, आणि तो मावशीबरोबर निघून आला. मावशीला तीन हात झाले, आणि आत्याला राहिला एक. मावशीने नीट न बघता तो फोटो ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, 'पातळ कसं वाटते?'

पाच मिनिटांत बाबा!

"कुंदे, बाईनं हात काढला काऊन?"

"कोणता हात बाबा?"

"खांद्यावरचा! परवाच्या फोटोत होता, आजच्या फोटोत नाई. नाराज झाली का ते? कोणी काही बोललं का तिले?"

"नेटवर्क नाई ना बाबा," मी म्हणाले, "फोटो पुरा उतरला नसंन. हात मांगून येईन."

"मांगून येईन," बाबा समाधानाने म्हणाले आणि वाट बघत बसले. (मी अर्ध्या तासाने पहिला फोटो पुन्हा पाठवला. "आला, आला!" असा त्यांचा फोन आला.)

शेवटी व्हायचं तेच झालं. आत्याने राजूदादाकडून प्रशांतला निरोप दिला, की रविवारी सगळ्यांनी आष्टीला जेवायला या, गोळाभात करते. गोळाभात म्हणजे बाबांचा जीव. डाळीचे तिखट गोळे, त्यावर मोकळा भात आणि वरून हिंग-लसणाचं तेल. आत्याच्या हातचा तो बाबांनी नऊ वर्षांत खाल्ला नव्हता. बाबांनी शनिवारीच सदरा इस्त्री करून ठेवला.

मी ह्यांना म्हणाले, "मला ताप आल्यासारखं वाटतंय."

"सावंगीत राहून तापाचं नाव घेऊ नकोस," हे म्हणाले. "इतके डॉक्टर आहेत, खोटा आहे हे दोन मिनिटांत कळेल."

गाडीत बाबा आर्वीपर्यंत सदऱ्याची इस्त्री सांभाळत बसले. आर्वी सुटल्यावर एकदम म्हणाले, "पह्यले 'बाई, कशी हायेस' म्हणू, का पह्यले पाया पडू?" प्रशांत म्हणाला, पाया पडा. आई खिडकीबाहेर बघत होती. मला उगीच वाटलं, ती हसतेय.

आत्या दारातच उभी होती. बाबा वाकले. आत्या म्हणाली, "ये वसंता." बाबा म्हणाले, "आलो." एवढंच! नऊ वर्षांनंतर एवढंच! पण राजूदादाने तिकडे तोंड फिरवून नाक पुसलं. मला वाटलं, सुटलो. आता जेवायचं, विड्याची पानं खायची आणि घरी जायचं.

पाटावर बसता बसता आत्या म्हणाली, "वसंता, तुनं मले फोटोत बाजूले घेतलं ना, तवाच माहा राग गेला."

बाबा म्हणाले, "मी कायले घेतो? तूच आली ना."

"मी?"

"हाव. येऊन उभी राह्यली, खांद्यावर हात ठेवला."

"मी कायले ठेवू हात? मी तं तिकडे पाण्याच्या कॅनपाशी उभी होती!"

"मंग माह्या खांद्यावरचा हात?"

"तो कॅनवर होता!"

बाबा ताठ झाले. "म्हणजे मी काय थंड पाण्याची कॅन हाये?"

मी मिठाच्या बरणीकडे इतकं एकाग्रतेने बघत होते, की जणू ती पहिल्यांदाच बघतेय.

"कुंदे," आत्या म्हणाली.

"कुंदे!" बाबा म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. बोट, कडा, अकरा सेकंद, मावशीचा तिसरा हात. सांगता सांगता मी रडले, आणि मी मावशीच्या हातापाशी पोचल्यावर प्रशांत मात्र पाण्याचा घोट नाकातून बाहेर काढून हसला. आई शांतपणे म्हणाली, "मले पह्यल्याच दिवशी समजलं होतं. आपल्या अंगणात जास्वंद कुठी हाये?"

"मंग बोलली काऊन नाई?" बाबा गरजले.

"काऊन बोलू? नऊ वर्षं तुमचे निरोप पोचवून पोचवून माहा जीव गेला. पह्यल्यांदा कोणी दुसरं ते काम करून राह्यलं होतं. करू दिलं."

बाबा उठले. "प्रशांत, गाडी काढ."

"जाय!" आत्या ओरडली. "पह्यलेबी असाच गेलता! उपाशी!"

बाबांनी चप्पल एका पायात घातली होती. ते तसेच गर्रकन वळले. "मंग काय करू? सख्ख्या मामाचं नाव सातवं! त्या विहिरीवाल्याच्या खाली!"

"मले काय माहीत? छापणाऱ्यानं खालचं वर केलं! माहा चष्मा फुटला होता तवा, मी वाचलीच नाई पत्रिका. लग्न झाल्यावर समजलं मले!"

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुनं विचारलं काऊन नाई?"

राजूदादा हळूच माझ्या कानात म्हणाला, "पत्रिका म्यांच तपासली होती, कुंदे. सांगजो नोको." (आता छापून टाकलं. माफ कर, दादा.)

बाबा एका चपलेवर उभे. आत्या वाढायचा चमचा हातात घेऊन उभी. नऊ वर्षांत दोघं पहिल्यांदा एकमेकांशी समोरासमोर भांडत होते, मध्ये आई नाही, निरोप नाही, आणि मला काय वाटलं सांगू? ते दोघं लहान दिसत होते. परकरातली मुलगी आणि तिच्या मागे मागे फिरणारा भाऊ.

आत्याचा आवाज खाली आला. "पहाटपासून बसून गोये केले. कोण खाईन आता?"

बाबांनी दाराकडे बघितलं. मग विचारलं, "किती केले?"

"साठ."

बाबांनी चप्पल काढली.

त्यानंतर दोघांनी जेवताना माझी जी संयुक्त धुलाई केली, ती मी विसरणार नाही. एकाने सुरुवात करायची, दुसऱ्याने पुरी करायची. "या पोट्टीनं दोघाले येडं बनवलं, बाई." "लहानपणीबी तशीच होती वसंता, शाळेच्या वहीवर सोताच सही करे." "कोणाची?" "तुह्यी!" "माह्यी?" मी मुकाट्याने गोळे गिळत होते, आणि दर गोळ्यामागे आत्या ओरडता ओरडताच माझ्या भातावर आणखी तेल ओतत होती.

जेवण झाल्यावर आत्या म्हणाली, "चाला, आता खराखुरा फोटो काढू."

मी फोन उचलला.

"तू नोको!" बाबा आणि आत्या एका सुरात.

राजूदादाने फोटो काढला. मागच्या अंगणात, गोठ्यासमोर. बाबा आणि आत्या खाटेवर शेजारी शेजारी बसले. "हात कुठी ठेवते?" बाबांनी विचारलं. "गुडघ्यावर," आत्या म्हणाली, "दुखून राह्यला." आणि मला कडेला उभं राहायची परवानगी मिळाली, दोन्ही हात समोर दिसतील असे धरून.

परतताना गाडी आमचे हे चालवत होते, तेव्हा मी तो फोटो बघितला. बाबा आणि आत्या छान आले होते. आई छान आली होती. कडेला मी, हात पुढे धरून, चोरी करताना पकडल्यासारखी! एवढा चांगला फोटो माझ्यामुळे बिघडत होता. म्हटलं, कोणाला कळणार नाही, दुसऱ्या कोणाला हातही लावायचा नाही, फक्त स्वतःला हळूच चौकटीबाहेर सरकवायचं. मी स्वतःवर बोट दाबून धरलं.

कडा आली. पण ती नुसती माझ्याभोवती नव्हती. माझ्यामागे आत्याची म्हैस उभी होती, आणि फोनने आम्हा दोघींना एकच समजून गोल कडा काढली होती. तीन-तीनदा करून बघितलं. इकडे सरकवलं की दोघी, तिकडे सरकवलं की दोघी!

मी शेवटी फोन ह्यांच्यापुढे धरला आणि म्हणाले, "बघा ना, याला मी आणि म्हैस वेगवेगळ्या ओळखूच येत नाही!"

ह्यांनी गाडी बाजूला घेतली, चष्मा वर केला, फोटो जवळ धरून बराच वेळ निरखला आणि विचारलं, "यात तू कोणती?"